आठ गुलाबांचा केक

कामिनीबाईंनी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही, असं त्यांच्या निरोप समारंभात मुख्याध्यापक म्हणाले होते. मुख्याध्यापकांना काय माहीत! बाई पारोळ्याच्या हायस्कुलात तेहतीस वर्षं चित्रकला शिकवत होत्या आणि त्या सगळ्या काळात, रोज नाही पण आठवड्यातून दोनदा तरी, धुळ्याच्या एका घराण्याचं वाईट चिंतत होत्या. मंगळवारी आणि शनिवारी, म्हणजे उपासाच्या दिवशी. पोट रिकामं असलं की चिंतन चांगलं होतं.

त्यामुळे निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी त्याच घराण्याच्या नातीचा फोन आला, तेव्हा बाईंना आनंद झाला. इतका, की त्यांनी आधी गॅस बंद केला आणि मग हॅलो म्हटलं.

"मॅडम, मी प्रियल. भिकमचंद स्मृती संग्रहालयातून बोलतेय. जुन्या फोटोंचं काम तुमच्याइतकं कुणाला जमत नाही असं कळलं."

"बरोबर कळलं," बाई म्हणाल्या.

भिकमचंद शेठ म्हणजे प्रियलचे आजोबा. त्यांच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या जागी मुलाने, अखिलशेठने, हे संग्रहालय काढलं होतं. आत शेठजींचा चष्मा होता, शेठजींची काठी होती, शेठजींनी ज्यावर बसून निर्णय घेतले ती गादी होती आणि खान्देशच्या संस्कृतीला न्याय मिळावा म्हणून कोपऱ्यात एक नांगर होता. प्रियल बडोद्याला संग्रहालयशास्त्र शिकून आली होती. पोरगी हुशार, तिला नांगराची लाज वाटत होती. वडिलांच्या साठीचं निमित्त करून तिने नवं दालन उघडायचं ठरवलं. विषय वाढदिवस. पन्नास-साठ वर्षांपूर्वी खान्देशातली माणसं वाढदिवस कसा करत, कोण औक्षण करी, कोण केक कापी, ते फोटोंतून आणि चित्रांतून दाखवायचं. आग्रा रोडवरच्या पंडित फोटो स्टुडिओचा सगळा माल तिच्या हाती आला होता. पंडित वारले होते, स्टुडिओच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळत होती, आणि वारसांनी फोटोंची खोकी संग्रहालयाच्या दारात आणून टाकली होती.

पहिल्याच दिवशी अखिलशेठ स्वतः बाईंना दालन दाखवायला आले. भरलेला माणूस, पांढरे कपडे, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. मधल्या भिंतीवर मोठं तैलचित्र होतं. मखमली कोट घातलेला पाच वर्षांचा अखिल केक कापतोय, मागे आईवडील हसतायत. केक तीनमजली. चित्राशेजारी, ज्यावरून ते काढलं तो मूळ फोटो. त्यात केक एकमजलीच होता. दोन मजले चित्रकाराने घरचं कार्य समजून चढवले होते.

"बाई, खाली लिहिलंय ते वाचा. किस्सा आहे."

बाईंनी चष्मा लावला. पितळी पाटीवर कोरलं होतं: 'खान्देशातील वाढदिवसाचा पहिला केक. फेब्रुवारी १९७०. भिकमचंद शेठजींनी हा बिनअंड्याचा केक मुंबईहून बर्फातून आणवला. फोटोनंतर स्टुडिओच्या एका नोकराने तो लांबवला व त्याजागी खोटा केक ठेवला. चोर पकडला गेला. परंतु शेठजींनी उदार मनाने त्यास पोलिसांत न देता सोडून दिले.'

"देवमाणूस होते वडील," अखिलशेठ म्हणाले. "मला अजून आठवतं, तो केकचोर कसा थरथरत उभा होता."

"नाव काय त्याचं?"

"नोकराचं नाव कोण लक्षात ठेवतं, बाई! तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"इथल्याच."

"वा, वा. मग पाटी कशी वाटली?"

"अक्षर छान आहे," बाई म्हणाल्या.

केकचोराचं नाव झुलाल. बाईंचे वडील. लग्नानंतर बाईंचं आडनाव बदललं म्हणून शेठच्या ध्यानात आलं नाही, इतकंच.

झुलाल पंडितच्या स्टुडिओत मागचे पडदे रंगवायचे. ताजमहाल, काश्मीर, जिना आणि त्यावर कुंडी. १९६६ साली पंडितने त्यांना केक करायला सांगितला. धुळ्यात तेव्हा केक बघितलेली माणसं मोजकी होती आणि त्यांतलीही निम्मी खोटं बोलत होती. पण वाढदिवसाच्या फोटोत केक हवा, हे सिनेमामुळे सगळ्यांना कळलं होतं. झुलालनी प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं, घरातलं पातेलं उपडं करून साचा केला, वर पांढरा ऑइल पेंट दिला आणि काठावर हाताने आठ गुलाब बसवले. कामिनी तेव्हा पाच वर्षांची. दोन गुलाबांच्या पाकळ्या तिने दाबल्या होत्या.

तो केक खान्देशभर फिरला. पंडितने तो पत्र्याच्या डब्यात घालून एसटीने जळगावला नेला, असोद्याला नेला, पिंपळनेरला नेला. यजमानाने सुरीला रिबन बांधायची, पोराने ती केकवर टेकवायची, पंडितने 'रेडी' म्हणायचं, आणि केक डब्यात. मग पाहुण्यांना शिरा. जैन घरांत तर या केकला विशेष मान होता, कारण त्यात अंडं नसल्याची खात्री होती.

भिकमचंद शेठजींनी मात्र एक पायरी पुढे टाकली. चाळीस पाहुण्यांना त्यांनी सांगून ठेवलं की केक मुंबईहून येतोय. झुलाल मागच्या दाराने डबा घेऊन गेले, सोबत नऊ वर्षांची कामिनी. फोटो झाला. पंडितने कॅमेऱ्यावरचं काळं कापड खाली सोडलं आणि तेवढ्यात अखिलने वाकून केकचा चावा घेतला.

एक गुलाब तुटला. समोरचा एक दातही.

पोरगं भोकाड पसरून रडतंय, पाहुणे प्लास्टरच्या तुकड्याकडे बघतायत. शेठजी व्यापारी माणूस, दोन क्षणांत त्यांनी कोणता तोटा कुणाच्या गळ्यात बांधायचा ते ठरवलं. "झुलाल! मुंबईचा केक कुठे नेलास?"

झुलालना प्रश्नच कळला नाही. त्यांनी पंडितकडे पाहिलं. पंडित कॅमेऱ्याचे स्क्रू आवळत होता. एवढे स्क्रू त्या कॅमेऱ्याला नव्हतेच.

चाळीस माणसांसमोर झुलालना कान धरून उठाबशा काढायला लावल्या. शेठजी स्वतः मोजत होते. कामिनी पत्र्याचा रिकामा डबा पोटाशी धरून उभी होती, आणि कुणीतरी मायेने तिच्या गालाला हात लावून विचारलं, "कसा लागला गं केक?"

स्टुडिओचं काम सुटलं. झुलालनी पुढे ट्रकच्या पाट्या रंगवल्या, दुकानांचे शटर रंगवले. पण गावाने त्यांना नवं नाव दिलं होतं आणि गाव दिलेली वस्तू परत घेत नाही. लग्नात पंगतीला बसले की कुणीतरी हटकून म्हणायचं, "झुलालआबा, लाडू मोजून ठेवलेत बरं का." आबाही हसायचे. ते हसायचे याचाच बाईंना जास्त राग यायचा. मंगळवारी आणि शनिवारी विशेष.

आता तोच आळ पितळेवर कोरला होता. तोंडातलं बोलणं माणसाबरोबर मरतं. पितळेचं तसं नसतं.

बाईंनी काम स्वीकारलं. अट एकच घातली. "फोटो कसे लावायचे ते मी ठरवणार."

"अर्थातच मॅडम," प्रियल म्हणाली.

तीन आठवडे बाई खपल्या. फोटोंवरची बुरशी कापसाने टिपली, फाटके कोपरे चिकटवले. स्टुडिओतले फोटो कमी पडतील म्हणून जुन्या विद्यार्थ्यांच्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला: घरात पंडितच्या शिक्क्याचा वाढदिवसाचा फोटो असेल तर पाठवा, संग्रहालयात लागेल. संग्रहालयात लागेल म्हटल्यावर लोकांनी कपाटं उलटीपालटी केली. एकूण त्रेसष्ट फोटो जमले. प्रत्येकामागे पंडितने पेन्सिलने तारीख घातलेली होती. आयुष्यात त्या माणसाने खरं असं तेवढंच लिहिलं.

मग टांगायची वेळ आली. बाईंनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि सुताराला सांगितलं, "फ्रेमचा काठ बघायचा नाही. प्रत्येक फोटोतला केक या दोरीवर आला पाहिजे."

"बाई, फ्रेमा वरखाली होतील. भिंत प्यायल्यासारखी दिसंल."

"दिसू दे."

फोटो तारखेवार लागले, प्रत्येकाखाली तारखेची चिठ्ठी. फ्रेमा उड्या मारत होत्या आणि त्यांच्या मधोमध केक एका रेषेत, एका उंचीवर, भिंतीच्या टोकापर्यंत चालत गेले होते. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी प्रियल आली, दाराशी थांबली, डोकं तिरकं करून बघत राहिली. मग पहिल्या फोटोपाशी गेली, तिथून दहाव्यापाशी, तिथून तिसाव्यापाशी.

"मॅडम."

"बोल."

"हा एकच केक आहे."

"हो."

"सगळीकडे?"

"तुमच्याकडेही."

प्रियल खाली बसली. बाईंनी तिला सगळं सांगितलं. आवाज न चढवता, वर्गात छायाप्रकाश समजावून सांगावा तसं. पोरगी शेवटी म्हणाली, "पाटी पप्पांनी दिलीय. मला नाही काढता येणार."

"मी कुठे काढ म्हटलं? राहू दे ती. नीट पुसून ठेव."

"आणि हे फोटो उतरवले तर?"

"उतरव. तुझं संग्रहालय आहे."

प्रियलने भिंतीकडे पाहिलं. मग उठली आणि दोन फ्रेमा किंचित सरकवल्या, कारण त्यांतले केक दोरीच्या बोटभर खाली होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता अख्खं धुळं लोटलं. अखिलशेठच्या साठीचे फ्लेक्स बसस्टँडपासून लागले होते. मंडपात खरा केक होता, चारमजली, बिनअंड्याचा. ज्यांचे फोटो लागले होते ती माणसंही आपापल्या नातवंडांना घेऊन आली होती. फीत कापली, टाळ्या झाल्या आणि माणसं भिंतीशी सरकली.

पहिलं पिंपळनेरच्या एका नानांना दिसलं. काठी फोटोच्या काचेवर टेकवून ते ओरडले, "ओ बाई! हाऊ केक ते आमना घरमा बी व्हता! मन्हा भाऊना वाढदिवसले!" मग पुढच्या फोटोकडे वळले, मग त्याच्या पुढच्या. "आरे, बठ्ठास्ना फोटोमा हाऊच केक शे!"

सगळ्यांच्या फोटोत एकच केक! दालनात गलका झाला. जळगावच्या एक डॉक्टरीणबाई हसत हसत म्हणाल्या, "आमची आई सांगायची, केक खूप गार होता म्हणून कापला नाही!"

"आमच्या आजीनं सांगितलं, मुंग्या लागल्या म्हणून टाकला."

"आमच्याकडं तर शेजाऱ्यांच्या डब्यात गेला म्हणत. दहा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हतो आम्ही."

प्रत्येक घराने त्या न खाल्लेल्या केकसाठी एक कारण रचून ठेवलं होतं. सगळी कारणं निरुपद्रवी. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, नातवंडांना आपला खोटेपणा कौतुकाने दाखवत होती. आणि मग, हसता हसता, ती एकेक करून मधल्या भिंतीवरच्या पितळी पाटीपाशी पोचली. तिथे हसू जरा आखडलं.

"मुंबईचा केक?" कुणीतरी विचारलं. "हाच तर आहे हा."

अखिलशेठ माइकपाशी होते. "तसाच दिसतोय म्हणा ना. मुंबईच्या केकवरून यांनी नक्कल केली असेल."

"अखिलभाऊ, तारखा आहेत," कामिनीबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. पण तेहतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला होता. "नक्कल अस्सलाच्या चार वर्षं आधी होत नसते. आणि गुलाब मोजा."

लोक मोजू लागले. खरोखर बोट लावून. आठ, आठ, आठ. एसटी ड्रायव्हरच्या मुलीच्या फोटोत आठ. तेल्याच्या जुळ्यांच्या फोटोत आठ. छोट्या अखिलच्या फोटोतही आठ.

"आता पुढचा. चार दिवसांनंतरचा, असोद्याचा."

सात गुलाब आणि आठव्याच्या जागी झेंडूचं फूल खोचलेलं. पुढच्यात सात आणि झेंडू. तिथून भिंत संपेपर्यंत सात आणि झेंडू.

"चोरीला गेलेला केक चार दिवसांनी असोद्याला वाढदिवस करत होता," बाई म्हणाल्या. "आठवा गुलाब कुठे गेला ते एकालाच माहीत आहे. त्याने तो चावला होता."

सगळ्यांनी अखिलशेठकडे पाहिलं. अखिलशेठनी तोंड मिटलं. का मिटलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "बाई, तुम्ही कोण आहात?"

"केकचोराची मुलगी. झुलाल नाव त्यांचं. लक्षात ठेवायला अवघड नाही."

"हे बघा, साठ वर्षांपूर्वीच्या गोष्टी... कुणाला काय माहीत..."

"मला माहीत आहे," मागून आवाज आला.

सायरबाई. अखिलशेठच्या आई. ऐंशी वर्षांच्या, चाकाच्या खुर्चीत, डोक्यावर पदर. समारंभात त्यांना फुलदाणीसारखं एका बाजूला ठेवलं होतं. "केक मीच मागच्या दाराने आत घेतला. पंडितचा होता. प्लास्टरचा. मुंबईहून नुसतं बिल पण नव्हतं आलं."

"माँ, तू थकली आहेस."

"मी पंचावन्न वर्षं थकलेय. तुझ्या बाबूजींनी एका गरीब माणसाला कान धरायला लावला, आणि मी पाहुण्यांना शिरा वाढत होते. तो माणूस माझ्याकडे बघत होता. बोलायला एक शब्द लागला असता." त्यांनी कामिनीबाईंकडे पाहिलं. "बेटी, काय पाहिजे तुला?"

अखिलशेठना या प्रश्नाने हायसं वाटलं. काय पाहिजे हे ठरलं की त्यांच्या धंद्यात अर्धं काम होत असे. "बोला बाई. झुलालभाऊंच्या नावाची पाटी लावू. दालनालाच नाव देऊ. तुमचा सत्कार करू, आत्ता, शाल आणि श्रीफळ..."

"उठाबशा," बाई म्हणाल्या. "कान धरून. एकवीस. तुमच्या वडिलांनी तेवढ्या मोजल्या होत्या."

कुणी हसलं नाही. अखिलशेठनी मात्र हसून पाहिलं. "बाई, गुडघे..."

"आबांचेही दुखायचे. नंतर जन्मभर."

"अखिल," सायरबाई म्हणाल्या, "कान धर."

साठ वर्षांच्या माणसाला आईने सगळ्या गावासमोर कान धर म्हटलं की त्याच्यासमोर दोनच वाटा उरतात. अखिलशेठना तिसरी सापडली. ते पुढे आले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मंडळी, चूक वडिलांची असो की आजोबांची, लेकराने माफी मागण्यात कमीपणा नाही. हीच आपल्या खान्देशची संस्कृती." माइक खाली ठेवून त्यांनी दोन्ही कानांना हलकेच बोटं लावली आणि गुडघ्यात वाकून उठले. फोटोग्राफर धावले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "याला म्हणतात मोठेपणा!" शेठनी हात जोडले आणि चारमजली केककडे वळले.

उद्याच्या पेपरात काय छापून येणार ते बाईंना आत्ताच दिसत होतं. बापाच्या उदार मनाची पाटी होती. आता मुलाच्या मोठेपणाचा फोटो तिच्या शेजारी लागणार होता. पंचावन्न वर्षांचं चिंतन या माणसाने एका वाकण्यात स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

"दोन," बाई म्हणाल्या.

शेठ थांबले.

"पूर्ण बसून. दोन."

टाळ्या अजून चालू होत्या. शेठनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली नाही. त्यांनी कान धरले, खाली बसले, उठले. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, जरा कमी.

"तीन."

"चार."

पाचव्याला टाळ्या थांबल्या. सहाव्याला फोटोग्राफरांनी कॅमेरे खाली केले, कारण शेठचा चेहरा आता फोटोसारखा राहिला नव्हता. धोतरवाले, नेहरू शर्टवाले, फेटेवाले सगळे जमिनीकडे बघू लागले. सातव्याला शेठचा गुडघा असा वाजला की मागच्या रांगेत ऐकू गेला.

"मॅडम," प्रियल जवळ येऊन हळूच म्हणाली, "पुरे आता."

बाईंना पोरीचं वाईट वाटलं. खरोखर वाटलं. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आठ."

प्रियल मधल्या भिंतीकडे गेली. सुताराकडून पेचकस घेतला आणि पितळी पाटीचा पहिला स्क्रू फिरवायला लागली. शेठनी ते पाहिलं, दहावी बैठक काढली, अकरावी काढली आणि भिंतीला धरून उभे राहिले. घामाने पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. सभ्य मंडळींनी सुटकेचा श्वास सोडला. अकरा हा शुभ आकडा, इथे थांबायला हरकत नव्हती. एकाने पाण्याचा ग्लासही पुढे केला.

"बारा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित बसला होता.

"तेरा," दुसराच आवाज आला. पिंपळनेरचे नाना. भावाच्या फोटोखाली काठी टेकून उभे होते, तोंडावर हसू नव्हतं.

"चौदा," जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग भिंतीशी उभी असलेली सगळी माणसं मोजू लागली. आपापल्या केकखाली उभी राहून, एका सुरात, सावकाश. कामिनीबाईंनी जवळची खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. पंधरापासून त्यांना मोजावं लागलं नाही.